वासाचा मंगळवार

माझ्या लेकीचं लग्न ठरत होतं. मुलाकडची मंडळी आमच्या क्वार्टर्समध्ये आली होती. चहा झाला, गावांची नावं निघाली, ओळखीची माणसं निघाली, आणि मुलाच्या आईनं सहज विचारलं, "आई कुठे असतात कामाला?" मी तोंड उघडायच्या आत आमचं रत्न म्हणालं, "ती पाण्याचा वास घेते."

मुलाच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं. "म्हणजे प्रयोगशाळेत आहे ती," असं आमच्या ह्यांनी घाईघाईनं जोडलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लग्न झालं, सगळं छान आहे, तरी विहीणबाई माझ्याकडे येताना अजून अत्तर लावत नाहीत.

लेक खोटं बोलली नव्हती. मुंबईच्या उपनगरांत डोंगराच्या पोटाशी जे तलाव आहेत, त्यातल्या एकावर मी नोकरी केली. तलावाचं नाव सांगत नाही. नोकरीत तोंड बंद ठेवायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तलावाच्या काठावर पाणी शुद्ध करायचा कारखाना, त्याला लागून आमची प्रयोगशाळा, आणि पाठीमागे आमच्या क्वार्टर्स. तिथून मुलुंडच्या बाजारात भाजी आणायला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला असं समजायचं.

तलाव म्हणजे साठवलेलं पाणी, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण त्यात शेवाळं असतं, शेवाळं खाणारे बारीक जीव असतात, ते खाणारे मासे असतात, आणि आमच्याकडे मासे खाणाऱ्या मगरीही होत्या. या सगळ्यांचा संसार नीट चाललाय ना, हे बघणं आमचं काम. दर आठवड्याला होडीतून ठरलेल्या जागी जायचं. दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी किती आत गेली ते बघायचं. पाणी जितकं गढूळ, तितकी तबकडी लवकर गडप. मग वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरायचं. त्यातल्या काही बाटल्यांत होडीतच दोन औषधं घालावी लागतात. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. उन्हाळ्यात तळाचं पाणी पांढरंच यायचं, कारण वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी एकमेकांत मिसळत नाही आणि तळाला हवा पोचत नाही. नवीन माणसाला हे सांगितलं की तो मान डोलावतो आणि विचारतो, "मगर दिसेल का?"

जीप आणि होडी दोन्ही जाधव चालवायचा. राहायला कांजूरमार्गला. बोलायला तिखट, हाताला स्थिर. होडी एका जागी धरून ठेवणं सोपं नसतं, पण जाधवनं धरली की दोरी सरळ खाली जायची. त्याची एकच खोड होती. तो तलावावरचं पाणी पीत नसे. घरून बाटली भरून आणायचा. "आख्खं मुलुंड हे पाणी पितं आणि तुला चालत नाही होय रे?" म्हणून आम्ही त्याची टिंगल करायचो. तो म्हणायचा, "मला माझ्या नळाचंच लागतं मॅडम. काय करू, सवय आहे."

गिऱ्हाइकं म्हणाल तर आम्हाला तीही होती. तक्रार करणारा माणूस पाण्याचा नमुना घेऊन यायचा, आणि तो कशातून आणेल याचा नेम नसायचा. घाटकोपरचे एक गृहस्थ सरबताच्या बाटलीतून पाणी घेऊन आले आणि पाणी गुलाबी येतं म्हणून भांडले. एक बाई लोणच्याच्या बरणीतून घेऊन आल्या. पाणी खारट आहे, ही त्यांची तक्रार. मी बरणी उघडली आणि मला भूक लागली. त्यांना म्हटलं, "बाई, बरणी धुतलीत ना?" तर म्हणाल्या, "पुसली ना चांगली!" तेव्हापासून मी प्रत्येकाला तेच सांगायचे. बाटली काचेची घ्या आणि भरायच्या आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळा. लोक ऐकून घ्यायचे आणि पुन्हा सरबताची बाटली आणायचे.

आता वासाचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

तलावात एका जातीचं निळसर शेवाळ वाढलं की पाण्याला मातकट वास येतो. ओल्या मडक्याचा, बंद कोठीचा, उकडलेल्या बिटाचा, तसा. त्यानं माणूस आजारी पडत नाही, पण तलावाचं कुठंतरी बिघडतंय याची ती पहिली खूण असते. गंमत अशी की हा वास पाण्यात इतका थोडा असला तरी नाकाला कळतो, की तो पकडणारं यंत्र फार महाग असतं. आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे नाकं होती.

दर मंगळवारी सकाळी पाच जणांनी बसायचं. शिपाई काचेच्या चंबूंत वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी भरून, कोमट करून, वर नुसते आकडे टाकून मांडायचा. कुठलं पाणी कुठलं, ते त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नसायचं. चंबू हलवायचा, झाकण काढायचं, वास घ्यायचा, कागदावर लिहायचं. बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. नियम कडक होते आणि ते आमचे प्रमुख बापटसाहेब यांनी घातलेले होते. गजरा नाही. पावडर नाही. डोक्याला वासाचं तेल नाही. सकाळी साबणानं तोंड धुवायचं नाही. आणि चाचणी होईपर्यंत चहा नाही. मंगळवार का, तर सोमवारी आमच्यापैकी कुणाच्याच घरी मासळी होत नसे. रविवारी, बुधवारी, शुक्रवारी आमची देवगडची माणसं ऐकत नाहीत, आणि आदल्या रात्री सुके बांगडे भाजलेल्या घरातलं नाक दुसऱ्या दिवशी काय कामाचं? साहेब स्वतः शाकाहारी, तरी त्यांनी आमचे वार पाठ केले होते, याचं मला कौतुक वाटायचं.

शेवटचा नियम असा, की वासाला बसणारी माणसं क्वार्टर्समध्येच राहणारी हवीत. लांबून येणारा माणूस धूर, घाम आणि शेजाऱ्याचं सेंट नाकात भरून येतो, चहाशिवाय त्याचं डोकं चालत नाही. आम्ही उठून दोन मिनिटांत, उपाशीपोटी, ताज्या नाकानं हजर. या नियमाचा साहेबांना अभिमान होता. मलाही होता. सगळ्यात तयार नाक माझं, असं सगळे म्हणायचे आणि मी नको नको म्हणत ते ऐकून घ्यायचे.

लेकीच्या लग्नाच्या वर्षी उन्हाळ्यात मुलुंडच्या एका सोसायटीतून तक्रार आली. पाण्याला वास येतो. रोज नाही, मधूनमधून. मी आणि जाधव नमुने घ्यायला गेलो. सेक्रेटरी शहा नावाचे होते, चटपटीत माणूस. गच्चीवर नेऊन त्यांनी टाकी दाखवली आणि टाकीपेक्षा जास्त दत्तारामला दाखवलं. दत्ताराम घाडी हा सोसायटीचा पंपवाला. वयानं साठीच्या आसपास, मालवणकडचा, बाप गिरणीत होता. पंपाशेजारच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहायची.

"हाच टाकी धुतो," शहा म्हणाले. "म्हणजे, धुतो म्हणतो."

मी टाकीत वाकून पाहिलं. बॅटरीच्या उजेडात तळाची फरशी स्वच्छ दिसत होती.

दत्तारामनं माझं नाव ऐकलं, परब, आणि लगेच मालवणीवर आला. "बाई, टाकीक शेवाळ असतला तर माका काय ती शिक्षा द्या. पाणी भायरसूनच वास घेवन येता."

सगळे पंपवाले असंच म्हणतात. मी हसले आणि बाटल्या भरल्या, एक टाकीतली, एक खाली मीटरजवळची. जंतूंची तपासणी स्वच्छ आली. मंगळवारी वासाला दोन्ही चंबू आले, आणि पाचही नाकांनी लिहिलं, वास नाही. तसं पत्र सोसायटीला गेलं. पुरवठ्याच्या पाण्याला वास आढळला नाही. त्यापुढचं सोसायटीनं आपलं आपण लावलं. पुरवठ्याला नाही, म्हणजे टाकीला. टाकीला, म्हणजे दत्तारामला.

मी महिनाभराची रजा काढून गावी गेले. लग्न देवगडला आमच्या घरच्या मांडवात होतं. विहिरीचं पाणी, आंबे, पाहुणे, रुसवेफुगवे. तलाव डोक्यातून पार गेला होता.

परत आले ती दुपारी. घामानं जीव नकोसा झालेला. नळाखाली पेला धरला, तोंडाला लावला आणि थांबले. मडक्याचा वास. पेला घासला, पुन्हा भरला. तोच वास. ह्यांना म्हटलं, "पाणी बघा हो जरा." ह्यांनी घटाघटा पिऊन टाकलं. "पाणी पाण्यासारखं आहे. तुला प्रवास बाधलाय."

मंगळवारी मी दोन चंबूंना ‘मातकट, ठळक’ असं लिहिलं. बाकीच्या चौघांनी काही नाही लिहिलं. पाचांतल्या एकाचं मत धरायचं नाही, हाही नियमच होता. बापटसाहेब प्रेमानं म्हणाले, "परबबाई, महिनाभर फणस खाल्लेत. नाकाला जरा विश्रांती द्या."

मला राग आला, पण बुधवारी पेल्याचा वास कमी वाटला. गुरुवारी आणखी कमी. म्हणजे साहेब बरोबर होते, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सगळ्यांत वेगळं बोलणारं नाक घेऊन नोकरी करणं सोपं नाही.

गुरुवारीच दुपारच्या आधी फाटकावरून निरोप आला, कुणी घाडी भेटायला आलेत. दत्ताराम उन्हात उभा होता. हातात फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली. हाताची बोटं पांढरी पडून सोललेली.

"काय झालं हाताला?"

"ब्लिचिंग. चार येळा टाकी धुतलंय बाई. तरी वास जाणा नाय. शहाशेट म्हणता, एक तारखेपासून दुसरो माणूस येतलो. खोली खाली करूक सांगितल्यानी." मग त्यानं बाटली पुढे केली. "ह्या मीटराकडचा पाणी. टाकीत जावच्या आधीचा. तीनदा इसळून भरलंय, तुम्ही सांगितलास तसा."

इतक्या वर्षांत माझं ते सांगणं तंतोतंत ऐकणारा हा पहिला माणूस. मी बूच काढलं, बाटली हलवली, नाकाशी धरली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी पुन्हा हलवली, पुन्हा धरली. मला काहीही आलं नाही.

"येता ना वास?" त्यानं विचारलं.

"नाही हो दत्ताराम."

 त्यानं फडकं झटकलं, घडी केली, खिशात ठेवलं. "बरा," म्हणाला आणि उताराला लागला. त्याची पाठ बघून मला इतकं वाईट वाटलं, की बाटली परत द्यायची राहिली ती माझ्या हातातच राहिली.

त्याच दुपारी कुर्ल्याच्या कार्यालयात कागद पोचवायला जाधवच्या जीपमधून निघाले. बाटली पर्समध्ये तशीच. महामार्गावर कांजूरमार्ग जवळ आलं आणि कचऱ्याच्या डोंगरावरून वारा फिरला. मी पदर नाकाला लावला. जाधव आरामात गाणं गुणगुणत होता.

"कसं राहता रे तुम्ही इथे?" मी पदराआडून विचारलं.

"का? काय झालं?"

"वास!"

"हां, तो होय," जाधव म्हणाला. "आम्हाला नाही येत मॅडम. पाहुणे आले की कळतं. मागे मेव्हणा आला होता, ताटावरून उठला. आम्ही म्हटलं, ह्याला काय झालं अचानक?"

मी म्हटलं, "जाधव, गाडी बाजूला घे."

"उलटी होतेय का?"

"घे रे तू."

त्यानं गाडी कडेला घेतली, कांजूर मागे टाकून थोडं पुढे. मी दत्तारामची बाटली काढली, बूच उघडून त्याच्या नाकाखाली धरली. त्यानं झटकन डोकं मागे घेतलं. "हे काय, बीट उकडलेलं पाणी आहे का?"

मला तेव्हा रडू आलं आणि हसूही. घरून बाटली आणणारा, तलावाचं पाणी न पिणारा हा एकटा माणूस. आणि आम्ही पाच जण, ताजी, उपाशी, तयार नाकं, सकाळ-संध्याकाळ तेच पाणी पिऊन, त्याच पाण्यात भात शिजवून, त्याच पाण्याचा वास शोधत बसलो होतो. क्वार्टर्सना पाणी फक्त तलावाचं. आम्हाला त्या वासाची इतकी सवय झालेली की तो आमच्यापुरता उरलाच नव्हता. मी महिनाभर विहिरीचं पाणी प्यायले, म्हणून परत आल्यावर पहिले दोन-तीन दिवस मला तो आला, आणि गुरुवारपर्यंत माझं नाक पुन्हा कांजूरमार्गकर झालं. सोसायटीत मात्र कधी तलावाचं पाणी यायचं, कधी लांबच्या धरणांचं. त्यांना सवय होणार कशी? म्हणून त्यांना वास मधूनमधून यायचा. आणि मधूनमधून येतो, म्हणजे पंपवाला मधूनमधून काम चुकवतो, असा त्यांनी अर्थ लावला होता.

परत येताच मी बापटसाहेबांच्या खोलीत गेले. ज्या नियमाचा त्यांना अभिमान, तोच खोटा पडला होता. मी सरळ सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "एका ड्रायव्हरला बीट आठवलं, एवढ्यावर मी चाचणी बदलू?"

"नका बदलू. बाहेरची पाच नाकं बसवा. आपलेच चंबू, आपलेच आकडे. एकदाच."

"बाहेरची कोण?"

मी यादी तोंडपाठच नेली होती. बोरिवलीहून येणारा कारकून, कुर्ल्याची टंकलेखिका, कळव्याचा फिटर, घाटकोपरचा भांडारपाल, आणि जाधव.

"कांजूरमार्ग?" साहेबांच्या भुवया वर गेल्या. दारात उभा असलेला जाधव म्हणाला, "साहेब, तुम्ही कचऱ्याचा वास घ्यायला लावलात तर मी नापास. पाण्याचा घ्यायचाय ना?"

मंगळवारची वाट पाहायला वेळ नव्हता, एक तारीख तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे नाकांना चहा न देता बसवलं. कारकुनाचं डोकं दुखत होतं, टंकलेखिकेला पावडर पुसायला लावली म्हणून ती माझ्यावर चिडलेली. शिपायानं चंबू मांडले. मी भिंतीला टेकून उभी. नियम असूनही पहिल्या तिघांची तोंडं वाकडी झाली. जाधवनं तर चंबू हातभर लांब धरला. शिपायानं आकडे जुळवले. तलावाच्या पाण्याचे जितके चंबू होते, त्यांवर पाचांपैकी चौघांनी बोट ठेवलं होतं. एकट्या भांडारपालाला काही कळलं नाही, पण त्याला सर्दी होती, हे त्यानं नंतर सांगितलं.

बापटसाहेब उठले. त्यातला एक चंबू त्यांनी घेतला, हलवला, नाकाशी धरला, डोळे मिटले. 

"मला नाही येत हो," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

मला त्यांची दया आली. माणूस प्रामाणिक होता, म्हणूनच नियम इतके काटेकोर घातले होते. आणि म्हणूनच पुढचा सगळा दिवस त्यांनी हलवून सोडला, हेही खरं. स्वतः होडीत बसले, जे त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. प्रत्येक खोलीवरचं पाणी काढून आम्ही शेवाळ मोजलं. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखं दिसतं ते. दर उन्हाळ्यात थोडं असतंच, म्हणून आम्ही त्याच्याकडे काणाडोळा करत होतो, वास नाही म्हणजे फिकीर नाही. ते बरोबर त्या खोलीवर दाटलं होतं, जिथल्या झडपेतून कारखाना पाणी ओढत होता. तलावात वेगवेगळ्या खोलीवर अशा झडपा असतात. साहेबांनी ती झडप बंद करायला लावली आणि दुसरी उघडली. मग त्यांनी शहांना फोन लावला, माझ्यासमोर.

"वास आमच्या पाण्याला आहे. टाकीला नाही. आमचं पत्र चुकीचं होतं, नवीन पाठवतो. तुमच्या माणसाला काढू नका."

पलीकडून शहा काहीतरी म्हणाले. साहेब म्हणाले, "नाही, लॅबची चूक आहे म्हणतोय ना मी." आणि फोन ठेवून त्यांनी चहा मागवला.

दत्ताराम राहिला. खोलीही राहिली. शहांनी त्याला मलम आणून दिलं, असं त्यानंच मला सांगितलं. काही दिवसांत वास ओसरला. पुढे वासाच्या मंगळवारी बाहेरची नाकं बसायला लागली, आम्ही क्वार्टर्सवाले नुसते चंबू विसळायला. माझी जागा कुर्ल्याच्या टंकलेखिकेनं घेतली, आणि नाक तिचं खरंच चांगलं होतं, हे मी कबूल करायला बरेच महिने घेतले.

पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. एक, ते शेवाळ वाढलं कशानं, हे आम्ही शोधलं. डोंगराच्या बाजूनं एक ओढा तलावाला मिळतो, त्यात वरच्या नव्या वस्त्यांचं सांडपाणी उतरत होतं. आम्ही ते लिहिलं, नकाशा जोडला, पाठवलं. मी निवृत्त झाले तेव्हाही ओढा तसाच वाहत होता. झडप बदलता येते, ओढा बदलणं आमच्या हातात नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त टोचते. ‘वास आढळला नाही’ अशी पत्रं त्याआधीही गेली होती, इतर सोसायट्यांना. तिथेही पंपवाले असणार. ते सगळे बाटली घेऊन चढ चढून फाटकापर्यंत आले नसतील. मी चौकशी केली, एका ठिकाणी कळलं की माणूस बदललाय. तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर क्वार्टर्स सोडल्या आणि आम्ही बोरिवलीला फ्लॅट घेतला. एक सवय तेवढी उरली आहे. घरी कुणी आलं की चहाच्या आधी मी साध्या नळाच्या पाण्याचा पेला देते आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसते. लेक म्हणते, आई, पाहुणे घाबरतात. घाबरू देत.

मागच्या महिन्यात दत्ताराम आला होता. आता तो काम सोडून बायकोबरोबर गावी राहायला निघालाय, जाण्याआधी सगळ्यांना भेटत होता. माझ्यासाठी आमसुलं आणली होती. मी पेला पुढे केला. तो हसला, पेला हलवला, आधी नाकाशी नेला आणि थांबला.

"बाई, वास येता."

मी पेला घेतला. मला काही नाही. त्याच्याकडे पुन्हा पाहिलं, तो गंभीर होता. मी लगेच आमच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, आपला पंपवाला एक नंबरचा झोपाळू आहे. टाकी कुठे धुतो तो! बरं झालं सांगितलंत, ह्या महिन्यात काढूनच टाकतो त्याला."

"थांबा," मी म्हटलं. "कुणाला काही बोलू नका. मी खाली येतेय."

कपाटातून दोन काचेच्या बाटल्या काढल्या. दत्तारामनं न विचारता एक माझ्या हातातून घेतली. खाली पंपाच्या खोलीच्या दारात आमचा पंपवाला उभा होता. सेक्रेटरींचा फोन त्याच्यापर्यंत पोचला असणार, कारण माझ्या हातातली बाटली बघून त्याचं तोंड उतरलं. दत्ताराम मीटरजवळच्या नळाशी उकिडवा बसला, बाटली तीनदा विसळली, आणि मान वर करून त्याला म्हणाला, "भियाव नको रे. बाई आधी पाण्याक इचारतली."